बावीसचे एकतीस

ऑफिसात तिला सगळे पट्टीबाई म्हणत. तीस वर्षं तिनं हातानं नकाशे काढले होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना साहेबांनी ड्रॉइंग बोर्ड उचलले आणि कॉम्प्युटर मांडले. पट्टीबाईनं भाचीला गाठलं. ती इमारतींचे आराखडे त्यावरच करायची.

"मावशी, आधी तुझं स्वतःचं घर काढ," भाची म्हणाली. "नीट मोजून हं, अंदाजपंचे नको."

भाचीनं दिलेलं लाल किरणाचं यंत्र स्टुलावर ठेवून तिनं तिसऱ्या मजल्यावरच्या तिन्ही खोल्या मोजल्या. गाडं अडलं स्वयंपाकघरापाशी. तिथली खिडकी बाहेरच्या खोलीतल्या खिडकीपेक्षा बावीस मिलिमीटर खाली येत होती. कागदावर तिनं तेवढं पेन्सिलीच्या जाडीत पोटात घातलं असतं. कॉम्प्युटर ऐकेना.

"पुन्हा मोज," भाची फोनवर म्हणाली.

पुढच्या रविवारी तिनं पुन्हा मोजलं आणि नवा नकाशा जुन्यावर ठेवला. सगळ्या रेषा एकमेकींवर बसल्या. फक्त स्वयंपाकघराच्या रेषा दुहेरी दिसत होत्या. आकडा होता एकतीस.

"तुझा हात हलला असेल," नवरा म्हणाला. "घर काय आठवड्यात खाली जातं?"

तो हसला. तिला हसू येईना. स्वयंपाकघराचं दार बुधवारपासून अडकत होतं, आणि रंधा मारून त्यानंच ते मोकळं केलं होतं.

ती तशीच खाली गेली. स्वयंपाकघराच्या बरोब्बर खाली, तळमजल्यावर, फर्निचरचं दुकान होतं, त्याचं नूतनीकरण चाललं होतं.

"या बाई, बघा केवढी ऐसपैस जागा झाली!" दुकानदार खुशीत होता.

"इथं कोपऱ्यात खांब होता ना?"

"आहे की, प्लायवूडच्या मागे. निम्मा तासलाय फक्त. मध्ये मध्ये येत होता मेला."

तिनं प्लायवूडला कान लावला. आत काहीतरी वाळूसारखं बारीक झरत होतं, थांबत होतं, पुन्हा झरत होतं.

"आधी तुम्ही बाहेर व्हा," ती म्हणाली आणि जिना चढत एकेक दार वाजवत गेली. "चपला घाला आणि खाली चला. कपाटं उघडत बसू नका!" दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, आधी मीटिंग घेऊ. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि चपला घालून निघाले.

अकरा माणसं समोरच्या फुटपाथवर जमली. तिनं फोन केल्यावर तासाभरानं नगरपालिकेचा इंजिनिअर आला. दुकानात शिरला तो रमतगमत, बाहेर आला तो धावतच.

"वर कुणी आहे?"

"नाही. सगळे मी दोनदा मोजलेत."

"माझ्या गोळ्या राहिल्या गं," नवरा म्हणाला. "दोन मिनिटांत आणतो."

तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं. वर त्यांच्या स्वयंपाकघराची काच, कुणाचाही हात न लागता, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकत गेली.