उपासाच्या दिवशी भरीत

हे लिहायचं नव्हतं मला. टाइप केलेला कागद इथं कुठंही सापडतो आणि मग सगळी सेमिनरी वाचते. कालपासून दोनदा कागद चढवला नि काढला. आज नाना बाहेरगावी आहेत, ऑफिसात मी एकटाच. मग बसलो.

नाना म्हणजे या सेमिनरीचे, ख्रिस्ती पाळक घडवणाऱ्या शाळेचे, प्राचार्य, रेव्हरंड शिरसाठ. मी भटू, असोद्याचा. सेमिनरीच्या ऑफिसात टायपिस्ट. टाइप मी इथंच शिकलो, आपलं आपणच, म्हणून चुका सांभाळून घ्या.

आणि जीवराम माझा मित्र. शिंदखेड्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. यंदा पोरांनी त्याला विद्यार्थी-प्रमुख निवडला. आमच्याकडे रीत अशी की प्रमुखाला वाटलं तर तो सगळ्यांना एक दिवस उपास-प्रार्थना लावू शकतो. सकाळपासून संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत फक्त पाणी. सहसा कोणी लावत नाही. पण डिसेंबरात व्हॉलीबॉलवरून पोरांत दोन गट पडले, मेसमध्येसुद्धा वेगळे बसायला लागले. जीवराम चॅपलमध्ये उभा राहिला नि म्हणाला, "शुक्रवारी उपास. चहासुद्धा नाही. ज्याला जमत नाही त्याने एकीच्या गोष्टी करू नयेत."

पोरांतल्या नथ्थूने हळूच विचारलं, "बिस्किट?"

"बिस्किट नाही."

शुक्रवारी दुपारी देवपूरच्या बस स्टॉपवरून एक बाई चालत आल्या. डोक्यावर टोपली. मला म्हणाल्या, "जीवराम अठेच ऱ्हास का, भाऊ?"

त्याची आई, भागाबाई. जीवराम इथं आल्यापासून घरचं एकही माणूस फिरकलं नव्हतं. त्याचं कारण मला माहीत होतं. बाप्तिस्मा घेतल्यावर हा घरी गेला, आणि महाशिवरात्रीच्या दिवशी सगळ्यांसमोर बसून भाकर खाल्ली. म्हणाला, मी आता उपास मानत नाही. तेव्हापासून बाप बोलत नाही.

आणि आता आई आली ती आजच. मी जीवरामला बोलावून आणलं. टोपलीत वांग्याचं भरीत, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, कांद्याची पात. फडकं सोडलं तसा मिरचीच्या फोडणीचा वास अख्ख्या व्हरांड्यात पसरला. व्हॉलीबॉलचे दोन्ही गट एकदम खांबांमागे दिसायला लागले.

"खाय ना," आई म्हणाली.

जीवराम टोपलीकडे बघतोय, आईकडे बघतोय. मला वाटलं आता सांगेल. तर म्हणतो, "माय, मनं पोट बिघडेल शे."

आईने लगेच कमरेची पिशवी सोडली, ओवा काढून त्याच्या हातावर ठेवला. मग माझ्याकडे वळली. "तू खाय, भाऊ."

मी म्हटलं, "मला नको, मावशी."

नथ्थूला म्हणाली. त्यानेही मान हलवली, पण डोळे भरितावरच. शेजारी उभ्या सुपडूला विचारलं, त्याने हात जोडले.

"बठ्ठासनं पोट बिघडेल शे का रे?" आई घाबरली. "काय खावाले देतस हाई लोके तुमले?"

नथ्थूला हसू आवरेना. त्यानेच सांगून टाकलं, "माय, आज उपास शे. तुमच्याच पोराने लावलाय."

आईने जीवरामकडे पाहिलं. जीवरामच्या हातावर तो ओवा तसाच.

"तठला उपास सोडी दिना," ती म्हणाली, "नि अठला धरी लिना?"

तिने फडकं परत बांधलं. वाटलं, निघाली. पण ती भिंतीला टेकून बसली. "उपास शे ते शे. मले काय उपास माहित नही का? संध्याकायले सोबत खासूत."

पण शेवटची गाडी पाचला, प्रार्थनेच्या आधीच. ती चुकली तर रात्र इथं काढायची, आणि मग बाप तिच्याशीही बोलायचा नाही. ती हे म्हणाली नाही. जीवरामला कळलं.

तो नानांकडे गेला, मी मागे. "नाना, तुम्ही उपास सोडवा."

नाना चष्मा पुसत म्हणाले, "लावला कोणी?"

"मी."

"मग सोडवायला मी कशाला? उद्या भाजीत मीठ किती टाकू तेही मलाच विचारशील."

जीवराम तिथून निघाला तो थेट घंटेकडे. घंटा ऐकून सगळे गोळा झाले. तो म्हणाला, "आज मी आईशी खोटं बोललो. तुम्हाला एकी शिकवत होतो, आणि मी काय करतो हे घरच्या माणसाला सांगायची मला लाज वाटली. माझा उपास तेव्हाच मोडला. मी आईबरोबर जेवतो. तुम्ही तुमचं ठरवा."

मग नथ्थू म्हणाला, "माय, भरीत पुरेल ना?"

पुरलं नाही. बोटं चाटून संपवलं. सुपडू तेवढा उपासालाच राहिला, तर आईने त्याच्यासाठी भाकरीत भरीत गुंडाळून ठेवलं आणि जाताना त्याच्याच डोक्यावरून हात फिरवला. नाना आले तेव्हा फक्त पात उरली होती, ती त्यांनी खाल्ली. व्हॉलीबॉलचं भांडण म्हणाल तर शनिवारी परत सुरू.

आम्ही तिला गाडीत बसवून दिलं. खिडकीतून ती म्हणाली, "संक्रातले घर ये. तुना बाप बोलाव नही, पन तू ये."

परत येताना पांझरा नदीच्या पुलावर जीवराम थांबला. "भटू, दारातूनच हाकललं तर?"

"तर दारात बसू."

"बसू म्हणजे? तू कुठून आलास यात?"

"मी येतोय सोबत," मी म्हटलं. "तुझ्या बापाशी बोलायचं तू. ओरडले, टोपी फेकली, काहीही केलं, तरी तू उठेपर्यंत मी तिथून उठणार नाही. शब्द देतो."