सतरा इंची चाक

ही गोष्ट २०२२च्या ऑक्टोबरातली. शारजात उकाडा जरा उतरला होता. रोल्ला भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मंजुषा एकटी राहायची. मुलगा निनाद कॅनडात कॅल्गरीला गेल्याला चार वर्षं झाली होती, नवरा सदानंद वारला त्याला तीन. कितीही बेताने केली तरी कढी दोन दिवस पुरायची.

निनादचा फोन रविवारी संध्याकाळी सहाला यायचा, त्याच्या सकाळी आठला. पंचवीस मिनिटं, जास्त नाही. मंजुषा पाचलाच केस विंचरून बसायची.

“आई, यंदा बर्फाचे टायर घेतोय,” त्या रविवारी तो म्हणाला. “गेल्या जानेवारीत सिग्नलला गाडी गर्रकन फिरली ना, अवनी मागे होती...”

“हे मला नव्हतं सांगितलंस.” नातीचं नाव ऐकून मंजुषा सावरून बसली.

“सांगून तू तिथून काय करणार होतीस? ऐक तरी. मस्त रुंद ऑर्डर केलेत. दोनशे पंचावन्न मिलिमीटर रुंदीचे, वीस इंची चाकांवर. हवाही जरा कमीच ठेवणार. बाबा सांगायचे तशी.”

सदानंद दर शुक्रवारी पोराला मलिहाच्या वाळूत न्यायचा, टायरमधली हवा सोडायचा आणि म्हणायचा, “टायर पसरला की गाडी तरंगते बघ.” निनादला ते वेदवाक्य. पण मंजुषा बावीस वर्षं एका टायर-निर्यात कंपनीत पॅकिंग लिस्ट टाइप करत आली होती. थंड मुलखांच्या ऑर्डरी दर हिवाळ्याआधी तिच्या हाताखालून जायच्या. गाड्या त्याच, पण चाक लहान, टायर अरुंद, रबराची कड उंच.

“निनाद, बर्फाला रुंद चालत नाही रे.”

तो हसला. “आई, तुला लायसन्स तरी आहे का? शनिवारी बसवतायत. खलास.”

सोमवारी ती गोदामात गेली. तिथले स्टोअरकीपर बदरुद्दीनभाई मूळचे दापोलीचे, तिच्याही आधीपासून कंपनीत. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि मान हलवली.

“पोरगा चुकतोय, ताई. वाळूवर उंटाचा पाय लागतो, पसरट. बर्फात बकरीचा खूर. अरुंद टायर बर्फ कापून खालचा रस्ता धरतो. आणि हवा कमी ठेवणार म्हणतो? थंडीत ती आपोआपच कमी होते! गाडीच्या दरवाजावरच्या पट्टीचा फोटो मागवा, टायरचं खरं माप तिच्यावर असतं.”

मंजुषाने नऊ वर्षांच्या अवनीच्या टॅबवर मेसेज टाकला: त्या पट्टीचा फोटो पाठव, बाबाला सांगू नकोस. “व्हाय, आजी? इज इट अ सीक्रेट?” मंजुषाने लिहिलं, हो, सीक्रेट. दुसऱ्या दिवशी फोटो आला: २२५/६० आर १८. म्हणजे रुंदी दोनशे पंचवीस, चाक अठरा इंची.

“मग सतरा इंची चाक घ्यायला सांगा, २२५/६५,” बदरुद्दीनभाई म्हणाले. “चाक लहान, कड उंच, बाहेरचा घेर जवळजवळ तेवढाच. फक्त चाक ब्रेकला घासत नाही ना, ते तिथल्या दुकानदाराने बघायला हवं.”

गुरुवारी मंजुषाने स्वतःहून फोन लावला.

“आई? काय झालं?” निनादचा आवाज घाबराघुबरा. अवेळी फोन तिने एकदाच केला होता, सदानंद गेला तेव्हा.

“काही नाही झालं. माप लिहून घे.”

“अगं, मी कामाला निघालोय. आणि बाबा म्हणायचे...”

“बाबांना वाळू कळायची. बर्फ त्यांनी फ्रीजमधलाच बघितला होता.”

ती बोलून गेली. गेलेल्या माणसाचा शब्द तिने आजवर खोडला नव्हता. पण आता थांबून चालणार नव्हतं. “वाळूवर तरंगायचं असतं. बर्फात रस्ता धरायचा असतो. मागच्या सीटवर अवनी बसते, निनाद.”

पलीकडे गाडीची किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“मला त्यांचं तेवढंच नीट आठवतं गं,” तो म्हणाला. “ते तरंगणं.”

“ठाऊक आहे मला. ते तसंच राहू दे. लिही.”

“...सांग.”

तिने एकेक आकडा सुटा करून सांगितला, ऑफिसात सांगायची तसा. आणि ब्रेकचंही सांगितलं.

शनिवार गेला. रविवारी सहा वाजले, साडेसहा वाजले, फोन नाही. मंजुषा केस विंचरून बसून होती. सातला नुसता एक फोटो आला. माणसं नव्हतीच त्यात. एक चाक, आणि त्याच्याखाली पहिला बर्फ. तिने चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला आणि कडेवरचे आकडे वाचले. २२५/६५ आर १७. पुन्हा वाचले. मग उठून कालची कढी गरम केली.

पुढच्या वर्षी बदरुद्दीनभाई दापोलीला परतले. आता सुपारीची बाग बघतात आणि मुलाच्या जीपच्या टायरला नावं ठेवतात. अवनी टॅबवर आजीला अजून इंग्रजीतच उत्तर देते. निनादचा रविवारचा फोन पंचवीस मिनिटांचाच राहिला, पण दर ऑक्टोबरात एकदा तो आठवड्याच्या मध्येही फोन करतो, टायरमध्ये हवा किती ठेवू ते विचारायला. मंजुषा २०२४ मध्ये निवृत्त होऊन साताऱ्याला आली. निनाद दर वर्षी म्हणतो, आई, या हिवाळ्यात ये. अजून जमलेलं नाही. बर्फ तिनेही फ्रीजमधलाच बघितला आहे.