दर्याचा कौल

"ह्यो राजवाडा. बगितला? चला म्होरं."

वकीलसाहेबांनी पुसायला काढलेला चष्मा अजून डोळ्यांवर चढवलाही नव्हता, तोवर चिमाजी पार पुढच्या जोत्यापाशी पोचला होता. राजगडाचा बालेकिल्ला, पुण्याहून आलेले वकीलसाहेब, बरोबर त्यांच्या बाईसाहेब, उन्हं अजून कोवळी, आणि वाटाड्याच्या अंगात वारं शिरलेलं.

"अहो चिमाजी, जरा दम खा की. वाडा कोणाचा, सदर कुठली, काही सांगाल की नाही?"

"सदर ती तकडं. कोठार ह्ये हितं. राणीवसा त्यो. समदी नुसती जोतीच ऱ्हायलीत, सायेब. जोत्यांत काय बगायचं? दगडं ती दगडंच."

आता हे चिमाजीनं म्हणावं! गडाखालच्या पालीचा चिमाजी म्हणजे एकेका जोत्यापाशी पाहुण्याला बूड टेकायला लावणारा माणूस. 'हितं पैंजण वाजायचं' असं तो अशा थाटात सांगायचा, की नवख्यानं कान टवकारावेत. भोरचा सावळाराम मोटारवाला पुण्याच्या मंडळींना सहलीला आणायचा. एक दिवस गडावरचे वाडे, दुसऱ्या दिवशी वरंध घाटानं खाली उतरून दासगावचं बंदर. तो मंडळींना आधीच बजावून ठेवायचा, "आमच्या चिमाजीला फार विचारत बसू नका, मुक्काम गडावरच पडेल." आणि आज त्याच चिमाजीनं अख्खा बालेकिल्ला चिलीम विझायच्या आत उरकला होता.

कारण साधं होतं. या खेपेला त्यानं सावळारामाला सांगितलं होतं, "मला बिदागी नगं गड्या. बंदराला जाताना मोटारीत एक जागा दे. मला दर्या बगायचाय." सावळारामानं वकीलसाहेबांना विचारलं, ते हो म्हणाले, आणि तेव्हापासून चिमाजीचा पाय जमिनीवर ठरेना.

संजीवनी माचीवर आल्यावर मात्र तो आपसूक थांबला. पश्चिमेला कोकणाच्या अंगाला डोंगरामागं डोंगर, आणि त्यांच्याही मागं धुरकट पांढरं काहीतरी.

"त्या तकडं दर्या," तो म्हणाला. इतकी वर्षं प्रत्येक पाहुण्याला म्हणत आला होता, तसंच.

"तुम्ही गेलाय कधी?" बाईसाहेबांनी विचारलं.

"म्या न्हाई. ल्योक हाय तिथं माझा."

"खलाशी आहे?"

"न्हाई जी." चिमाजीनं अंगरख्याच्या पोटाशी बांधलेलं गाठोडं चाचपलं. "त्यो पाण्यात हाय, म्हंत्यात."

बाईसाहेबांचा चेहरा पडला. मग चिमाजीनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. रायबा त्याचा एकुलता. जर्मनच्या लढाईत पलटणीत गेला. बसऱ्याच्या वाटेवर बोटीतच ताप भरला, तिथंच गेला, आणि चादरीत गुंडाळून त्याला दर्यात सोडला. ही बातमी आणली विंझरच्या सोनबानं. तोही त्याच बोटीवर होता, लढाईहून पाय अधू होऊन परतला. तो पालीला येऊन ओसरीवर रडत बसला. रायबाची आई साळूबाई रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तू डोळ्यांनी बगितलंस?"

सोनबा खोटं कसं बोलणार? तो म्हणाला, "म्या बी तापात व्हतो काकी. मागनं लोकांनी सांगितलं."

"मंग ऐकीव मरण म्या मानायची न्हाई," साळूबाई म्हणाली आणि म्हशीला पाणी दाखवायला उठून गेली.

झालं! त्या दिवसापासून घराला घोर लागला तो लागला. दहावा नाही, तेरावा नाही. गावातली शहाणी माणसं म्हणाली, देह नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्या. साळूबाईनं खुरपं उगारलं, तशी शहाणी माणसं घरी गेली. रोज तिन्हीसांजेला ती विंझरच्या वाटेला तोंड करून उभी राहायची. रायबाच्या वाटणीची भाकरी रोज शिंक्यावर चढायची आणि सकाळी म्हशीच्या पुढ्यात जायची. डोळ्यांतून टिपूस कधी गळलं नाही. रडली असती तर चिमाजीही रडून मोकळा झाला असता. पण आई रडत नाही म्हटल्यावर बापानं कोणत्या तोंडानं रडावं? तो आपला गडावर जाऊन परक्या माणसांना राजवाड्याच्या गोष्टी सांगत सुटायचा. घरी बसवायचंच नाही त्याला.

मोटारीचं ठरल्याचं त्यानं घरी सांगितलं, तेव्हा साळूबाई हातातलं काम टाकून उठली. मग तिनं भोरच्या बाजारातून आणलेला नारळ काढला, हळदकुंकू लावलं, आणि रायबाच्या जुन्या मुंडाशाची चिंधी फाडून शेंडीला गच्च बांधली.

"देवीला कौल लावतो का न्हाई आपण? तसा दर्याला लावा," ती म्हणाली. "नारळ त्याला द्या. ठिवून घेतला तर पोरगं त्याच्यापाशी हाय. म्हागारी दिला तर न्हाई. मंग पुन्यांदा या घरात मेल्याचं नाव काडायचं न्हाई."

"आन् ठिवून घेतला तर?"

साळूबाईनं नारळ फडक्यात ठेवला. गाठोडं बांधून त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भोरहून मोटार निघाली. चिमाजी सावळारामाच्या शेजारी बसला होता, मांडीवर गाठोडं घट्ट धरून. जन्मभर कडे चढलेला माणूस, पण वरंध घाटाच्या वळणांनी त्याच्या पोटातलं ढवळून काढलं. सावळाराम हसून म्हणाला, "डोळं मीट." पण मिटतोय कसला! प्रत्येक वळणाला तो मान लांब करून विचारायचा, "आला का?"

"आरं, दर्या काय घाटात बसलाय व्हय? दम धर."

महाड मागं पडलं आणि सूर्य माथ्यावर यायच्या सुमाराला मोटार दासगावच्या धक्क्यावर उभी राहिली. चिमाजी खाली उतरला. समोर रुंद, गढूळ पाणी, पलीकडे काठ, काठावर झाडं. दोन-चार मचवे बांधलेले.

"ह्यो दर्या?" त्यानं डोळ्यांवर हात धरला. "ह्याला तर पल्याडचा काठ दिसतोय की!"

"ही सावित्रीची खाडी," सावळाराम म्हणाला. "दर्या अजून खाली, बाणकोटला. तिथवर पडावानं जावं लागतं. पण ह्ये पाणी दर्यालाच मिळतं. तुझं काम हितं बी हुईल."

चिमाजीनं मान डोलावली. बरोबरच आहे, नदी वाहते ती खालीच. गावाकडच्या गुंजवणीत टाकलेलं पान कुणी अडवलं नाही तर कुठल्या कुठं जातं, हे त्याला ठाऊक होतं. वकीलसाहेब आणि बाईसाहेब झाडाखाली शिदोरी सोडून बसले. चिमाजी धक्क्याच्या पायऱ्या उतरला, घोटाभर पाण्यात उभा राहिला, पश्चिमेकडे तोंड करून त्यानं नारळ कपाळाला लावला आणि लांब फेकला.

नारळ बुडाला, वर आला. जागच्या जागी डुलला. आणि मग, बघता बघता, त्याच्याकडे यायला लागला. चिमाजीला वाटलं, वाऱ्यानं येत असेल. पण वारा कुठं होता? नारळ सरकत सरकत पायरीपाशी आला आणि त्याच्या नडगीला टेकला.

त्यानं तो उचलला. पुन्हा फेकला, होता नव्हता तेवढा जोर लावून. पुन्हा तेच. शेंडीची चिंधी पाण्यावर पसरून नारळ डोंगराच्या दिशेनं, त्याच्या दिशेनं, परत आला.

"सायेब!" चिमाजी ओरडतच पायऱ्या चढला. अंगरखा भिजलेला, मुंडासं सुटलेलं. "सायेब, घेतला न्हाई! दर्यानं घेतला न्हाई! पोरगं जित्तं हाय माझं! बाईसायेब, जित्तं हाय!" सत्तरीला टेकलेला तो माणूस धक्क्यावर अक्षरशः नाचला. सावळारामाला मिठी मारली, नारळ उराशी धरून हसला, आणि हसता हसता दम लागून खाली बसला.

वकीलसाहेबांचा घास हातातच राहिला. बाईसाहेबांनी तोंडाला पदर लावला.

मचव्याचा म्होरक्या तांडेल आत दोर वळत बसला होता. त्याला काय माहीत! "म्हाताऱ्याला काय झालं?" त्यानं विचारलं. सावळारामानं हळू आवाजात सांगितलं, तसा तो म्हणाला, "अरे बाबा, भरतीचं पाणी हाय ह्ये. आता काय बी टाक, वरच येणार. दिवस कलला की ओहोटी लागेल, मग टाक. मग नाय येत मागं."

"खुळं का काय!" चिमाजी ताडकन उठला. "पाणी कवा वर चढतं व्हय? जलमात ऐकलं न्हाई!"

"तूच बघ की."

चिमाजीनं पाण्याकडे पाहिलं. मघापासून समोरच होतं, पण त्यानं पाहिलंच नव्हतं. वाळकं गवत, काटक्या, फेस, सारं हळूहळू वर चाललं होतं, महाडाकडं, डोंगराकडं. सगळी खाडीच उलटी चालली होती. तो पाहत राहिला आणि त्याचे खांदे खाली आले.

आता ऊन असतानाच घाट चढायला हवा होता. सावळारामानं हँडल मारलं, मोटार थरथरायला लागली. त्यानं चिमाजीला बाजूला घेतलं. माणूस मनाचा चांगला होता. "बस मोटारीत. वैनीला सांग, नारळ म्हागारी आला. खोटं थोडंच हाय त्ये? तुझ्या डोळ्यांदेखत आला."

खरंच, खोटं कुठं होतं? चिमाजीनं मोटारीच्या फळीवर एक पाय ठेवला. साळूबाई ऐकेल, तिच्या तोंडावर हसू फुटेल. इतक्या वर्षांत न पाहिलेलं हसू. त्याच्यासाठी काय वाटेल ते करावं! आणि मग? मग उद्याची तिन्हीसांज, परवाची, तिन्हीसांजांमागून तिन्हीसांजा, वाटेकडं तोंड करून उभी असलेली म्हातारी, आणि तिच्यामागं आपण, सारं माहीत असलेले. आशेला टांगलेलं माणूस जगतही नाही आणि मरतही नाही. हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

त्यानं पाय खाली घेतला.

"तुमी जावा. म्या थांबतो."

"आरं, मग घरी कसा येशील?"

"बिरवाडीवरनं मढे घाट चढीन. पाय हायेत की."

बाईसाहेबांनी उरलेली शिदोरी त्याच्या हातात दिली. मोटार गेली.

चिमाजी पायरीवर बसला. बसवत नव्हतं, उठवत नव्हतं. पाणी एकेक पायरी चढत आलं तसा तोही एकेक पायरी मागं सरला. मनात येत होतं, हे असंच चढत राहावं, कधी फिरूच नये. मग पाणी थबकलं. काटक्या जागीच गोल फिरल्या. दिवस कलला आणि फेसाची एक रेघ खालच्या अंगाला निघाली.

तांडेलानं मचव्यातून नुसतीच मान हलवली.

चिमाजीनं नारळाची चिंधी नीट केली. या खेपेला फेकला नाही. वाकून, दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला, लहान पोराला पाळण्यात ठेवावं तसा, आणि हात काढून घेतले. नारळ निघाला. तो दिसेनासा होईतो चिमाजी कमरेत वाकूनच उभा होता.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना तो पालीला पोचला. साळूबाई अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं वर पाहिलं, त्याच्या पायांकडं, मग तोंडाकडं. सूप खाली ठेवलं.

"म्हागारी आला," चिमाजी म्हणाला.

साळूबाई उभी राहिली.

"पण ऐक. त्या पाण्याची रीतच तशी हाय. आदी त्ये वर चढतं, डोंगराकडं. मंग फिरतं."

"कुठवर आला?" तिनं विचारलं.

"माझ्या पायापतुर."

"पाया पडाय आला," ती म्हणाली. मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "आन् मंग?"

"मंग गेला."

साळूबाई मटकन खाली बसली. तिनं तोंड उघडलं, पण आधी नुसता श्वासच आला. आणि मग तिनं हंबरडा फोडला. असा, की परड्यातली म्हैस दाव्याला हिसडे द्यायला लागली. शेजारची कोंडाबाई पिठाच्या हातांनीच धावत आली.

"काय झालं गं बाई? कोण गेलं? चिमाजीदादा, कोण गेलं?"

चिमाजीनं डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"आमचा रायबा गेला," तो म्हणाला, आणि त्यालाही रडू कोसळलं.

कोंडाबाईनं साळूबाईचं डोकं कुशीत घेतलं. आळीतल्या बायका एकेक करून आल्या आणि अंगणात भुईवर बसल्या. कधी, असं कोणी विचारलं नाही.