भिवाजींचा तिसरा डोस

मी लसीचा निळा डबा बोलतोय. पोटात चार आइसपॅक आणि मधोमध लसीच्या कुप्या, एवढाच माझा संसार. खालापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आलो तेव्हा बाळांच्या लसी वाहायचो. रडारड मला नवी नाही. पण मोठ्या माणसांची नाटकं पाहिली ती कोरोनात.

मला सांभाळते उज्वला सिस्टर. मला स्कूटीवर पुढ्यात घेऊन तिने सगळ्या वाड्या पालथ्या घातल्या.

२०२२च्या जानेवारीत विषाणूचं नवं रूप आलं, ओमिक्रॉन. साठीपुढच्या आजारी माणसांना तिसरा डोस द्यायचा होता. यादीत पहिलं नाव भिवाजींचं. दम्याचं दुखणं आणि दुसऱ्या डोसला नऊ महिने उलटलेले. पण त्यांनी लसीचं प्रमाणपत्र शिळफाट्याच्या दुकानात लॅमिनेट करून भिंतीवर लावलेलं. कागदावर प्लास्टिक चढलं की काम कायमचं संपलं, ही त्यांची पक्की समजूत.

आम्ही अंगणात पोचताच भिवाजी म्हणाले, "आता आनी कसली सुई गं? आमच्या पोरानं, प्रवीणनं दोन घेतल्या, तरी त्याला झालाच ना?"

मला असा राग आला! तोंड असतं तर चार शब्द सुनावले असते.

उज्वला शांतपणे अंगणात टेकली. "झाला काका. लस घेऊनबी होतो, मी खोटं नाय सांगणार. या नव्याला तर ती पहिल्यासारखी अडवत नाय. पण प्रवीण तीन दिवसांत उठून कंपनीत गेला. आणि गेल्या वर्षी तुमचा भाऊ बिनलसीचा होता."

तो भाऊ कोरोना झाल्यावर आठव्या दिवशी गेला होता.

"शत्रूची ओळख अंग हळूहळू विसरतं, काका. ही सुई आठवण करून देते."

इंदूबाई आतून आल्या आणि त्यांनीच नवऱ्याची बाही वर सारली. "टोच गं तू. यांचं काय ऐकत बसलीस?"

महिनाभराने त्याच इंदूबाई धापा टाकत उपकेंद्रात आल्या. "सिस्टर, टोचूनबी झाला गं यांना!"

आम्ही तसेच निघालो. भिवाजी तापाने फणफणले होते. उज्वलाने त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन शहाण्णव, म्हणजे ठीक. ती रोज येत राहिली. पाचव्या दिवशी भिवाजी ओटीवर बसून तांदळाची भाकरी मागत होते, आणि आमची खमकी सिस्टर चक्क रडली.

आता माझी कडी तुटलीय, पट्टा दोनदा शिवलाय. तरी मी अडगळीत जाणार नाही. विषाणू आणखी नवं नाव घेऊन येईल, येऊ दे. ताप येणारच नाही, अशी हमी मी देत नाही. पण घरातलं माणूस घरात राहावं, म्हणून मी पुन्हा येईन. तुम्ही दार लावून घेऊ नका.