पाच फूट नऊ इंच

डब्याच्या झाकणावर ठेवलेला मोबाईल थरथरला आणि अख्खी खोली खुळखुळली. सारिकाने झडप घालून तो उचलला. किशोर रात्रपाळी करून चटईवर झोपला होता. तो झोपला की बिरवाडीच्या त्या भाड्याच्या खोलीत लेक ऋतिका पेन्सिलसुद्धा हलक्या हाताने टेकवायची.

कंपनीच्या तपासणीचा रिपोर्ट होता. यंदापासून तो दोन दिवसांत ज्याच्या त्याच्या मोबाईलवर येणार, असं ठरलं होतं. किशोरचा फोन कामाच्या वेळी गेटवर जमा असतो, म्हणून त्याने बायकोचा नंबर दिलेला.

छाती, नॉर्मल. नळीत फुंकायची तपासणी, तीही नॉर्मल. उपाशीपोटीची साखर, तीही. सारिकाने मोबाईल कपाळाला लावला. चार महिने किशोरच्या खोकल्याने तिला झोप नव्हती.

मग तिने रिपोर्ट पुन्हा वरून वाचला. नाव किशोरचं, जन्मतारीख किशोरची. उंची पाच फूट नऊ इंच.

लग्नात हार घालायच्या वेळी मामाने किशोरच्या पायाखाली आणखी एक पाट सरकवला होता, तेव्हा कुठे नवरा नवरीच्या बरोबरीला आला. या घरात दारातून वाकून येणारा एकच, त्याचा धाकटा भाऊ अनिल. सोमवारी तो पोलादपूरहून उगाच वस्तीला आला होता. सकाळी तपासणीला निघालेल्या किशोरबरोबर जाताना चहाचा कप अनिलने तसाच सरकवला. मंगळवारचा उपास आहे म्हणाला. तेव्हाच तिच्या मनात आलं होतं, उपासाला चहा कधीपासून चालेनासा झाला?

किशोर उठून बसला. उबळ गिळत त्याने विचारलं,

"आला काय गो रिपोर्ट?"

"आला."

"चांगलाच असंल."

"लय चांगला. उंचीपन वाढली तुमची."

तो चटईची काडी उपसत राहिला.

"भावोजींनी चहा नाय घेतला," ती म्हणाली, "मला वाटलं, माझंच काय चुकलं. आनि इथं मी देवाला नारळ बोलून बसलेय."

"हळू बोल. भिंतीपलीकडं कंपनीतलीच मानसं हायत."

"त्यांना ऐकू जातोच की तुमचा खोकला."

"अनफिट लागला तर गेटच्या आत घेनार नाय, सारिके. चांगूला काढला, त्याचं बघितलंस ना? वरंधला गुरं राखतोय."

"राखतोय. पन रातचा झोपतो."

किशोरला खोकला आला, तो त्याने टॉवेलात दाबला. मग म्हणाला,

"ठेकेदाराला पाठव तो. आजच पायजे त्याला. त्याबिगर नवा पास नाय मिळनार."

ठेकेदाराचं नाव तिने शोधून काढलं. अंगठा काचेवर अधांतरी राहिला. किशोर तिच्या तोंडाकडे नव्हे, त्या अंगठ्याकडे बघत होता.

ऋतिकाने वहीतून मान वर केली.

"आई, हा तर काकाचा आला. मग बाबांचा कधी येनार?"