सगळ्यात हलका डबा

कचऱ्याचा खेळ म्हणे! कुणाच्या टाळक्यातून निघाला देव जाणे. दर रविवारी वाडीतल्या प्रत्येक घराचा डबा काट्यावर चढवायचा आणि ज्याचा सगळ्यात हलका, त्याच्या दारावर हिरवा तारा चिकटवायचा. चार तारे लागले की ग्रामसभेत सत्कार. लवूला उभ्या जन्मात कुणी धड विचारलं नव्हतं. आता त्याच्या दारावर तीन तारे होते आणि चौथ्यासाठी माणूस पिसाळला होता अगदी.

सुभद्रेने, म्हणजे बायकोने, डब्यात कांद्याची साल टाकली तरी हा अंगावर धावून जायचा. त्यात शेजारचा चुलतभाऊ दत्ताराम, त्याचेही तीनच तारे. तो लवूच्या डब्यात घाण टाकून वजन वाढवतो, असं ह्याच्या डोक्यात बसलं. पुरावा काही नाही! पण दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

त्या रविवारी सकाळी लवू घरापुढच्या खळ्यात कोयत्याने शहाळी तासत होता. मान वर केली तर दत्ताराम त्याच्या डब्यावर वाकलेला, हातात गळकी पिशवी.

"मेल्या, गावलंस मां आज!"

"दादा, आयक तरी—"

ऐकतोय कसला! पहिला घाव खांद्यात बसला. दुसरा अडवायला दत्तारामने हात पुढे केला आणि दोन बोटं शेणाने सारवलेल्या खळ्यात पडली. लवूने तिसऱ्यांदा कोयता उगारला, तेव्हा सुभद्रेने मागून त्याच्या मनगटावर काठी हाणली.

पिशवी फुटून सुरमई बाहेर आली, ताजी, लखलखीत. हंगामातला पहिला मासा थोरल्याच्या घरी द्यायचा, ही त्यांच्या घराण्याची रीत. बोलणं बंद, म्हणून हाक न मारता आणि खाली कुत्र्याच्या तोंडी लागू नये म्हणून दत्ताराम ती डब्याच्या झाकणावर ठेवत होता.

"तुझो वाटो घेवन इललंय रे, दादा," एवढंच म्हणून दत्ताराम कोसळला. जाळं ओढणारा हात तो.

शेजाऱ्यांनी त्याला रिक्षात घालून नेलं. पंचायतीकडून वजन करायला काटा घेऊन आलेली अनुजा रक्त बघून थिजली. सुभद्रेने ती सुरमई उचलली आणि स्वतःच्या हाताने डब्यात टाकली.

"कर गो आता वजन. ह्येका चौथो तारो व्हयो होतो."

अनुजाने काट्याला हात लावला नाही. लवू खळ्यात बसून भावाची बोटं शोधत होता.