कोरीनबाईंची प्रचाराची बस

ग्रेडी पेल्हम यांना आयोवात मोठी सभा जिंकायची नव्हती. लोकांच्या मनात जराशी शंका घातली की त्यांचे काम भागणार होते, आणि त्याला खर्चही कमी. मित्रांनो, मी एक जुनी, थकलेली बस आहे. तो सौदा मी जवळून पाहिला.

माझा जन्म ओहायोच्या कारखान्यातला. पुढे वर्षानुवर्षे शाळेची मुले वाहिली, सीटांखाली त्यांचे च्युइंगम सांभाळले. मग कोरीन ट्वेट यांनी मला निळा रंग दिला. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी त्या पक्षाची उमेदवारी मागत होत्या, आणि त्याच उमेदवारीसाठी पेल्हमही उभे होते. गावोगाव लोक मला टेकून फोटो काढत. अंगावर मूठभर मांस चढले माझ्या!

तेवढ्यात पेल्हमांच्या वकिलाने कोर्टात अर्ज टाकला. अध्यक्ष जन्माने नागरिक हवा, असे घटना म्हणते आणि या बाई तर जर्मनीत जन्मल्या! आई-वडील दोघेही अमेरिकी. वडील तिथल्या अमेरिकी छावणीत सैनिक. पण त्या शब्दांचा नेमका अर्थ घटनेने सांगितलेला नाही. वकिलांना आणखी काय हवे?

कोरीनबाईंची म्हातारी आई, आल्मा, माझ्या पुढच्या सीटवर बसायची. एका पत्रकाराने तिला गाठले.

"बाळंतपणाला मायदेशी का नाही आलात?"

"नवऱ्याला सरकारनं धाडलं होतं, बाबा. आणि पोटातल्या पोरीला काय विचारायचं होतं, बाई गं, अध्यक्ष व्हायचा विचार आहे का?"

सगळे हसले. आल्मा खिडकीबाहेर बघत राहिली.

कोर्टाने तारीख दिली, तीही आयोवात पक्षाचा कौल होऊन गेल्यानंतरची. कौलाच्या संध्याकाळी इथले शेजारीपाजारी शाळेच्या सभागृहात जमतात आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सर्वांदेखत उभे राहतात. मी बाहेर बर्फात उभी होते. कौल संपल्यावर व्हर्लिन नावाचा शेतकरी माझ्या दाराशी आला. कोरीनबाईंच्या नावाचा सगळ्यात मोठा फलक त्याच्याच गोठ्यावर होता.

"आल्माबाई, मी पेल्हमच्या कोपऱ्यात गेलो. कोरीन आपलीच आहे हो. पण उद्या कोर्टानं तिला बाद केलं, तर आमचं मत पाण्यात ना!"

"मग आज तूच बाद केलंस की रे तिला."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि निघून गेला. त्याच्यासारखे पुष्कळ होते. कोरीनबाई हरल्या.

परतीच्या वाटेवर आल्मा म्हणाली, "मी तेव्हा इकडेच राहायला हवं होतं गं."

"आई, बाबा तिथं एकटे होते. काहीतरीच काय बोलतेस!"

पुढे कोर्टाने कोरीनबाई पात्र असल्याचे सांगितले. तोवर माझा निळा रंग खरवडून झाला होता. आता मी भंगाराच्या आवारात उभी असते. मला कुणी विचारत नाही, त्याचे फारसे वाटतही नाही. मित्रांनो, माझ्या टायरांची नाही, माणसांची काळजी घ्या. एखाद्याच्या जन्मावर बोट ठेवण्याआधी ते बोट कुणाला टोचेल ते पाहा. पेल्हमांना मते मिळाली, वकिलाला नाव मिळाले, व्हर्लिनला निदान झोप तरी मिळाली. किंमत मोजली ती एकट्या आल्माने. नवऱ्याच्या सोबतीला गेल्याबद्दल ती अजून लेकीची माफी मागते.